तुमच्या अर्जात एक रकाना कमी आहे

विद्यार्थी नेतृत्व आणि समाजसेवेचे पुरस्कार व शिष्यवृत्त्या ठरवणाऱ्या निवड समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सविनय नमस्कार.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. गेल्या वर्षी अशाच एका समितीने मला उत्कृष्ट विद्यार्थी नेतृत्वाचा पुरस्कार दिला. म्हणजे हे पत्र डावललेल्या उमेदवाराची कुरकुर नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. तक्रार निवडल्या गेलेल्या उमेदवाराची आहे, आणि त्यातली निम्मी तिची स्वतःबद्दलचीच आहे.

तो अर्ज मला अजून पाठ आहे. कोणतं पद भूषवलं? किती काळ? किती उपक्रम घेतले? एकूण लाभार्थी किती? सेवेचे एकूण तास? सोबत छायाचित्रं जोडा, दहापेक्षा जास्त नकोत. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तुमच्या हाताखाली किती जण होते?" मी म्हटलं, बासष्ट. समोरच्या तिघांनीही मान डोलावली आणि आकडा टिपून घेतला. हाताखाली! त्या बासष्टांतल्या एकालाही मी कधी हुकूम सोडला नव्हता. सोडला असता तर आठवड्याभरात मी एकटीच उरले असते. जो माणूस फुकट काम करतो त्याला सकाळी लवकर उठून यायला भाग पाडेल असं कोणतंही पद नसतं. पण मी त्या शब्दाला हरकत घेतली नाही. बासष्ट हा आकडा मलाही आवडला होता.

आमचा गट परीक्षेसाठी लेखनिक पुरवतो. जे विद्यार्थी पाहू शकत नाहीत किंवा हाताने लिहू शकत नाहीत, त्यांच्या शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवायचा आणि ते सांगतील ते उतरवून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तीन तास दुसऱ्याच्या डोक्याने लिहायचं असतं. तो चुकतोय हे कळलं तरी भुवईसुद्धा उंचावायची नाही (भुवई त्याला दिसत नाही हे खरं, पण रोखलेला श्वास बरोबर ऐकू जातो). प्रश्न वाचताना 'हा तर सोपा आहे' असा सूर लागता कामा नये. आलेख आला तर तो शब्दांत उभा करायचा, पण वर्णनातूनच उत्तर फुटणार नाही इतक्या बेताने. 'सिग्मा, खाली आय बरोबर एक, वर एन' हे एका दमात, न चुकता म्हणता आलं पाहिजे. स्वल्पविराम विद्यार्थ्याने सांगितला तरच द्यायचा की आपण आपला द्यायचा, हे पेपर सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात वैताग येतो. अनेक ठिकाणी लेखनिक त्या विषयाचा असून चालत नाही. म्हणून इतिहासाच्या पेपरला रसायनशास्त्रवाला शोधायचा आणि रसायनशास्त्राच्या पेपरला अशी व्यक्ती, जिला रसायनशास्त्र येत नाही पण रसायनांची नावं वाचता येतात.

परीक्षा नसतात तेव्हा आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती ठरावीक अटींवर, हक्कधारकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय करता याव्यात म्हणून २०१३ साली मराकेश करार झाला आणि २०१६ मध्ये तो अमलात आला. करारामुळे कायद्याची अडचण सुटली. पण चारशे पानांचं पाठ्यपुस्तक तळटिपांसकट वाचायला कुणीतरी घसा कोरडा करतच बसावं लागतं, ती अडचण कोणत्याच करारात सुटत नाही.

या सगळ्यामागे आमच्याकडे एक मुलगी आहे. तिला आम्ही वहीवाली म्हणतो. ती ना अध्यक्ष, ना सचिव, ना खजिनदार. तिच्याकडे एक जाड वही असते आणि तिच्यात प्रत्येक लेखनिकाबद्दल दोन-तीन ओळी. अमक्याचं अक्षर मोत्यासारखं, पण वेग नाही. भाषेच्या पेपरला चालेल. तमकी गणिताची चिन्हं बिनचूक वाचते. हा सकाळच्या पेपरला हमखास उशीर करतो, दुपारचाच द्यावा. ही उत्तर सुचवताना एकदा सापडली, पुन्हा नको. दुसऱ्या बाजूला परीक्षार्थींच्या नोंदी. कोणाला प्रश्न दोनदा वाचलेला हवा असतो, कोणाला मधेच 'समजलं का?' विचारलेलं अजिबात खपत नाही, कोणाला पेपरच्या आधी गप्पा हव्यात आणि कोणाला शांतता. रात्री अकराला कुणी 'उद्या जमणार नाही' असं कळवलं की ती वही उघडते आणि साडेअकराला दुसरा माणूस ठरलेला असतो. गटात नेतृत्व कुठे होतं असं मला आज विचाराल तर मी त्या वहीकडे बोट दाखवेन.

तेव्हा मात्र मी काय केलं? तुमच्या अर्जात लिहिलं, 'स्वयंसेवक व्यवस्थापनाची यंत्रणा उभारली.'

उभारली म्हणजे तिची वही माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. लाभार्थी किती, तास किती, उपक्रम किती, याच्या बेरजा हव्या होत्या आणि वहीतून त्या निघत नव्हत्या. नावं घेतली, फोन नंबर घेतले, तास घेतले. शेरे गाळले, कारण शेऱ्यांची बेरीज होत नाही. तक्ता सुरेख दिसत होता, रंगीत होता. मुलाखतीत तुमच्यातल्या एका सरांनी त्याचं कौतुकही केलं. नव्या कार्यकारिणीच्या हाती मी तोच तक्ता ठेवला, भाषण केलं, फोटो काढला. वहीवालीला कोणी काही विचारेना, तशी तीही गप्प बसली.

पुरस्कार समारंभानंतर आठवड्याभरात परीक्षा सुरू झाल्या. तक्त्यात नाव दिसलं म्हणून सकाळच्या पेपरला तोच मुलगा नेमला गेला, ज्याच्यापुढे वहीत 'दुपारचाच द्यावा' असं लिहिलं होतं. तो चाळीस मिनिटं उशिरा पोचला. तोवर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन बसून होता. आजूबाजूला सगळ्यांच्या पेनांचा आवाज येत होता आणि याला पहिला प्रश्नसुद्धा माहीत नव्हता. वेळ थोडा वाढवून मिळाला, पूर्ण नाही. पेपरनंतर तो मला एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी वहीतून माणूस द्या." त्याला वहीबद्दल माहीत होतं. समितीला नव्हतं.

चूक माझी होती, ती तुमच्या गळ्यात मारत नाही. पण ती करताना मी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून वागत होते हे सांगायला हवं. मी तुमचा अर्ज डोळ्यांसमोर ठेवून वागत होते. आणि अशी मी एकटी नाही.

विद्यापीठातल्या कोणत्याही विद्यार्थी गटाची कार्यकारिणी बघा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, दोन सहसचिव, प्रसिद्धीप्रमुख, सहप्रसिद्धीप्रमुख, समन्वयक, मग समन्वयकांचे समन्वयक. वीस जणांच्या गटात सतरा पदाधिकारी आणि तीन कार्यकर्ते, ही थट्टा नव्हे, मी पाहिलेली गोष्ट आहे. अर्जात 'पद' असा रकाना असला की पदं वितात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'संस्थापक'. वर्षानुवर्षं वृक्षारोपण करणारा एक गट असतो, चांगलं चाललेलं असतं. त्यात जाऊन झाडांना पाणी घालणाऱ्याला अर्जात काय लिहिता येणार? 'सदस्य.' म्हणून तो बाजूला नवा गट काढतो, नवं बोधचिन्ह करतो, उद्घाटन करतो. दोन वर्षांनी संस्थापक पदवी घेऊन निघून जातो आणि बोधचिन्ह तेवढं मागे राहतं. पहिल्या गटाचे चार हात कमी झालेले असतात ते वेगळंच. असे किती गट तुमच्या पुरस्कारांच्या यादीत असतील आणि आज त्यांतले किती जिवंत असतील, एकदा जुन्या फाइली काढून बघाच.

सुरुवात करणाऱ्याचं श्रेय मी नाकारत नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये भूकंप झाला, तेव्हा कँटरबरी विद्यापीठाच्या सॅम जॉन्सन या विद्यार्थ्याने फेसबुकवर हाक दिली आणि मुलं फावडी घेऊन बाहेर पडली. भूकंपात जमिनीतून वर आलेला गाळ लोकांच्या अंगणांतून उपसायचा होता. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली आणि त्या वेळी हजारो विद्यार्थी या कामाला लागले. 'स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी' हे नाव तेव्हा जगभर पोचलं. मला त्यातला नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हाची मुलं कधीच पदव्या घेऊन गेली, तरी संघटना राहिली. २०२० च्या टाळेबंदीत ती वृद्धांना घरपोच किराणा पोचवत होती. फावडं एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिल्याशिवाय हे होत नाही. ते देण्याचं काम कोणी केलं असेल, त्यांची नावं मला माहीत नाहीत. तुमचा अर्ज भरून त्यांना फारसे गुण मिळाले असते असंही वाटत नाही.

आता तासांबद्दल. तास मोजण्यामागचा हेतू मला कळतो. भारतात १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. मेक्सिकोत तर पदवी हवी असेल तर किमान ४८० तासांची समाजसेवा सक्तीची आहे. किमान तास ठरवले नाहीत तर कित्येक जण या वाटेला फिरकणारच नाहीत, आणि फिरकलेल्यांतल्या काहींना गोडी लागते हेही मी पाहिलंय. पण तास हे बक्षिसाचं माप झालं की गोष्ट बदलते. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठातल्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे थांबल्यावर त्या मुलांचा मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळण्याचा उत्साह उतरला. ज्यांना पैसे कधी मिळालेच नव्हते, त्यांचा नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि कोडी म्हणजे समाजसेवा नव्हे हेही मान्य. पण १९९९ मध्ये स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या तिघांनी सक्तीची स्वयंसेवा करणारे विद्यार्थीच अभ्यासायला घेतले. ही सेवा आपल्यावर लादलेली आहे असं ज्यांना जास्त वाटत होतं, त्यांच्या बाबतीत आधीचा स्वयंसेवेचा अनुभवसुद्धा पुढे काम करत राहण्याच्या इच्छेला बळ देत नव्हता.

आमच्या गटात याचं रूप फार साधं असतं. ऑक्टोबरपर्यंत ध्वनिमुद्रणाला चढाओढ असते, अर्जांची मुदत संपली की खोली रिकामी. एका मुलाने तास वाढावेत म्हणून एकच प्रकरण दोनदा वाचून काढलं होतं! कदाचित ते त्या पुस्तकातलं सगळ्यात नीट ऐकू येणारं प्रकरण असेल.

आणि जे स्वतःचं नावच सांगत नाहीत त्यांचं काय करणार? ब्रिटनमध्ये 'नाइटलाइन' नावाची सेवा विद्यार्थीच चालवतात. रात्री कोणाही विद्यार्थ्याने फोन करावा, पलीकडे दुसरा विद्यार्थी ऐकायला असतो, उपदेश न करता. १९७० मध्ये एसेक्स विद्यापीठात ती सुरू झाली आणि मग इतर विद्यापीठांत पसरली. तिथले बहुतेक स्वयंसेवक आपण हे काम करतो हे काम चालू असेपर्यंत मित्रांनाही सांगत नाहीत, कारण फोन करणाऱ्याला उद्या वर्गात शेजारी कोण बसलंय याची धास्ती वाटू नये. बाहेर बोलायला मोजकी एक-दोन माणसं नेमलेली असतात, बाकीची अदृश्य. यांनी कोणती दहा छायाचित्रं जोडावीत? 'एकूण लाभार्थी' या रकान्यात काय लिहावं? त्या रात्री एकही फोन आला नाही आणि तरी कोणीतरी पहाटेपर्यंत फोनपाशी जागं होतं, ही गोष्ट तुमच्या कोणत्या कलमात बसते?

असा प्रश्न केला की 'कागदावर माणूस कळत नाहीच, आमचा नाइलाज आहे' असं उत्तर येतं. मला ते पटत नाही. कागदावर पुष्कळ कळतं, फक्त विचारायला हवं ते विचारलं पाहिजे. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी बाहेरून विद्यार्थी स्वयंसेवक बोलावले होते. काम जिवावरचं होतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. निवड होऊनही काही जणांनी माघार घेतली. गेलेल्यांचे आणि माघार घेतलेल्यांचे, दोघांचेही अर्ज टिकून राहिले होते. डग मॅकॅडम या समाजशास्त्रज्ञाने पुढे ते चाळले, त्यात प्रत्यक्ष गेलेले ७२० आणि माघार घेतलेले २३९ असे दोन गट होते. तत्त्वाच्या, तळमळीच्या गोष्टी दोघांच्याही अर्जांत सारख्याच होत्या. फरक दिसला तो एका व्यवहारी प्रश्नाच्या उत्तरात. तुमच्या उन्हाळ्यातल्या कामाची खबर कोणाकोणाला कळवायची, अशा किमान दहा जणांची नावं त्या अर्जात मागितली होती. जे गेले, त्यांच्या यादीत त्याच मोहिमेवर निघालेल्या इतरांची नावं जास्त होती. 'समाजासाठी मला काय वाटतं' या निबंधापेक्षा 'तुझी माणसं कोण' या यादीने जास्त सांगितलं.

म्हणून माझी मागणी एका रकान्याची आहे. 'हे काम आज कोण करतंय?' त्यापुढे नाव, आणि त्या व्यक्तीला तुम्ही फोन करायचा. तिला विचारायचं की तुझ्या हाती काय आलं, काय आलं नाही, काय तुला स्वतःला चाचपडत शिकावं लागलं. माझ्या बाबतीत असा एक फोन गेला असता तर पुरस्कार मिळाला नसता, आणि ते योग्यच झालं असतं.

शक्य असेल तर पुरस्कार पद सोडल्यानंतर वर्षाने द्या. यावर तुमचा आक्षेप काय असेल ते मला माहीत आहे. तोवर विद्यार्थी बाहेर पडलेला असतो, त्याला नोकरीसाठी, पुढच्या प्रवेशासाठी प्रमाणपत्र आत्ता हवं असतं. खरं आहे. माझ्याही अर्जाला त्या प्रमाणपत्राचा उपयोग झाला, आणि मी ते परत करण्याइतकी थोर नाही. मग निदान अर्धी रक्कम मागे ठेवा आणि वर्षाने गट चालू असेल तर ती गटाला द्या. एवढं तरी जमेल.

लाभार्थ्यांकडून आभाराची पत्रं मात्र मागवू नका. हा उपाय कोणीतरी सुचवेलच. ज्याला पुढच्या पेपरलाही लेखनिक हवाय, तो तक्रार लिहून देईल का? त्याच्याकडून कौतुक वसूल करणं म्हणजे मदतीचं भाडं घेण्यासारखं आहे.

अजून एक गोष्ट, थोडक्यात. शिकता शिकता नोकरी करणारे, घरी आजारी माणसाचं करणारे, त्यांच्याकडे स्वयंसेवेसाठी तास उरत नाहीत. आमचा एक उत्तम लेखनिक वर्षातून दोनच पेपर घेऊ शकायचा, कारण बाकीचा वेळ तो कामावर असायचा. तुमच्या मापाने त्याची सेवा सहा तास. त्याच मापाने माझी तीनशेच्या वर, त्यातले निम्मे बैठकांत गेलेले, आणि त्या बैठकांत काय ठरलं ते मला आज आठवत नाही. मराठीत 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' असं आपण हिणवून म्हणतो. आमच्या बैठकांनंतर खुर्च्या जागेवर लावायला थांबणारे तिघे होते. त्यांतल्या एकाचंही नाव मी तुमच्या अर्जात घातलं नाही, कारण घालायला जागा नव्हती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

त्या चाळीस मिनिटांनंतर मी वहीवालीकडे गेले. तिने काही सुनावलं नाही, ते जास्त लागलं. तक्त्यात शेऱ्यांसाठी जागा केली आहे, आता ती आणि पहिल्या वर्षाच्या दोन मुली मिळून तो भरतात. मूळ वही तशीच चालू आहे. पद घे म्हटलं तर ती नको म्हणते. तुमच्या अर्जाची यंदाची मुदत जवळ आलीय, तो भर म्हणून मी तिच्या मागे लागले होते. तिने पहिलं पान वाचलं, 'पद' या शब्दाशी थांबली आणि कागद मला परत दिला.

पुढच्या सत्रपरीक्षेला आम्हाला अकरा लेखनिक हवे आहेत. आत्तापर्यंत आठ मिळालेत. समितीतल्या कोणाचं अक्षर वाचता येण्यासारखं असेल आणि सकाळी वेळेवर यायची सवय असेल, तर वहीवालीला कळवा. फक्त आपल्या विषयाचा पेपर मिळणार नाही.

आपली,
गेल्या वर्षीची एक पुरस्कारप्राप्त विद्यार्थिनी